भिंतीवरची पेटी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर काही घरगुती कामानिमित्त आम्हांस सुरतेस जावे लागले. काम उरकल्यावर रिंग रोडवरील एका जुन्या कापडबाजारात, ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर, आम्ही शेठजींची वाट पाहात बसलो होतो. गादीमागील भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, मळकट पांढऱ्या रंगाची एक चपटी पेटी होती. आणि घडीच्या शिडीवर उभे राहून एक साठी उलटलेले गृहस्थ तिचे स्क्रू काढीत होते. पेढीवर त्याच आठवड्यात टेलिफोनची नवी व्यवस्था सुरू झाली होती. प्रत्येक मुनिमाच्या हाती मोबाइल आला होता, आणि भिंतीवरच्या पेटीचे आता कोणासच काही काम उरले नव्हते.

सारे स्क्रू निघाले. शेवटची तारांची जोडी तोडण्यापूर्वी त्या गृहस्थांनी आपल्या पिशवीतून तपासणीचा एक लहानसा फोन काढला, त्याचे चिमटे त्या जोडीला लावले आणि तो कानाशी धरला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मराठीत, जणू स्वतःशीच, म्हणाले, "अजून टोन देते आहे." इतके म्हणून त्यांनी जोडी तोडली, खिशातील रुमालाने पेटीवरची धूळ पुसली आणि ती दोन्ही हातांनी सांभाळून खाली उतरवली.

परमुलखात आपली भाषा कानी पडली की माणूस आपोआप पुढे सरकतो. आम्ही विचारले, "आपण कोणीकडचे?"

"अमळनेरकडचे. पण आता सुरतचेच म्हणा. चाळीस वर्षे झाली."

त्या बाजारात त्यांना सारे 'आबा' म्हणतात. आम्हीही तसेच म्हणू. त्यांच्याशी आणि त्यांच्या सोबत्यांशी पुढे दोन दिवस जे बोलणे झाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. कारण वरवर पाहता ही एका कालबाह्य यंत्राची गोष्ट असली, तरी आपल्या पुष्कळ घरांतून आज जे चालले आहे त्याच्याशी तिचे जवळचे नाते आहे.

वाडा आणि त्याचे दरवाजे

ही पेटी म्हणजे नेमके काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. एखादा मोठा वाडा डोळ्यांसमोर आणावा. आत खोल्या वीस-पंचवीस, परंतु बाहेर रस्त्यावर उघडणारे दरवाजे दोन किंवा तीनच. खोलीतून खोलीत जाणाऱ्याने दरवाज्याकडे फिरकावयाचेही कारण नाही. आणि ज्याला बाहेर जावयाचे आहे त्याने मोकळा असेल तो दरवाजा धरावा. कार्यालयातील खाजगी टेलिफोन एक्स्चेंज हे अगदी असेच असते. दरवाजे म्हणजे टेलिफोन खात्याकडून आलेल्या लाइनी, आणि खोल्या म्हणजे टेबलाटेबलावरील एक्स्टेंशने. मालक गादीवरून गोदामातील माणसाशी बोलला तर त्याला पैसा पडत नाही. बाहेरगावी बोलावयाचे असेल तर प्रथम शून्य फिरवून बाहेरची लाइन घ्यावयाची. आबांनी उतरवलेली पेटी पॅनासॉनिक ह्या जपानी कंपनीची होती. कारखान्यातून येते वेळी तिच्यात तीन लाइनी आणि आठ एक्स्टेंशने असत. कार्डे वाढवीत गेले की आठ लाइनी आणि चोवीस एक्स्टेंशनांपर्यंत ती वाढे. म्हणून तिच्या नावातही ८२४ हाच आकडा. लहान पेढ्या, दवाखाने, लॉज, शाळा अशा ठिकाणी ती आपल्या देशात घरच्यासारखी झाली होती.

तथापि ही पेटी आभाळातून पडली नव्हती. तिच्यामागे शंभर वर्षांची पिढीजात कहाणी आहे.

बोर्डापासून पेटीपर्यंत

आपल्या देशात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंजे निघाली ती १८८२ साली. त्या काळी जोडणी माणसाच्या हाताने होई. ऑपरेटरसमोर भोकाभोकांचा बोर्ड असे; ज्याचा फोन येई त्याची खूण खाली पडे, आणि दोरीच्या टोकाची पितळी खुंटी त्या भोकात घालून ऑपरेटर विचारी, "कोणता नंबर?" दोरीची दुसरी खुंटी त्या नंबराच्या भोकात गेली की दोन माणसांची गाठ पडे.

माणसाच्या हाताची ही मध्यस्थी नको, असा विचार अमेरिकेतील आल्मन स्ट्राउजर नावाच्या एका गृहस्थास सुचला. त्याचा व्यवसाय मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. असे सांगतात की, एक्स्चेंजमधील ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याचा संशय होता. ते खरे असो वा नसो, १८९१ साली त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले, आणि फोन करणाऱ्याने स्वतःच आकडे पाठवून जोडणी करून घेण्याचा मार्ग खुला झाला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, बंगलोर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि स्ट्राउजरच्याच पद्धतीची यंत्रे आपल्याकडे घडू लागली. १९६० साली कानपूर आणि लखनौ ह्या दोन शहरांमध्ये ट्रंक बुक न करता थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय झाली. परंतु कचेऱ्यांच्या आत मात्र डाक-तार खात्याने भाड्याने दिलेला दोऱ्या-खुंट्यांचा बोर्ड आणि त्यापुढे बसलेली ऑपरेटर हेच चित्र पुढे कित्येक वर्षे कायम होते.

ते बदलले ते १९८० नंतरच्या दशकात. ऑगस्ट १९८४ मध्ये 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेत एक्स्चेंजे घडविण्यात नाव कमावलेले सॅम पित्रोदा ह्यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. ३६ महिन्यांत आणि ३६ कोटी रुपयांत देशी बनावटीचे एक्स्चेंज करून दाखवू, असे तिने अंगावर घेतले. १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर गावी तिचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज बोलू लागले. त्याच घडणीचे १२८ जोडण्यांचे खाजगी एक्स्चेंजही तिने तयार केले आणि ते बनविण्याचा परवाना निरनिराळ्या कारखानदारांस दिला. बडोद्यासारख्या सुरतेच्या शेजारच्या शहरांतही पुढे अशी यंत्रे निघू लागली. लोकांच्या तोंडी 'ईपीएबीएक्स' हे जड नाव सहज रुळले. टेलिफोन खात्याची लाइन मिळविण्यासाठी ज्या काळी वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसावे लागे, त्या काळी दोन लाइनींवर वीस माणसांस बोलविणारे हे यंत्र व्यापाऱ्यास कल्पवृक्षासारखे वाटले असल्यास नवल नाही.

सुरत आणि तिचे फोन

आणि व्यापारी म्हटला की सुरत. कापडाचा भाव सुरतेत निघतो, त्याचे गिऱ्हाईक मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात असते, आणि मालाची मागणी कोठे कलकत्त्यातून, कोठे बनारसहून येते. महिधरपुऱ्यात रस्त्यावर उभ्या उभ्या हिऱ्यांच्या पुड्या हातोहात फिरतात. अशा ठिकाणी वेळेवर पोचलेला एक निरोप म्हणजे रोख रक्कम. कापडबाजारातील इमारतींत एकेका मजल्यावर दुकानांच्या रांगा. खाली हमाल, वर मुनीम, मागे गोदाम. हाका मारून काम होणे अशक्य. म्हणून खाजगी एक्स्चेंजे तेथे झपाट्याने पसरली. उधना आणि पांडेसरा येथील रंगाईच्या व छपाईच्या कारखान्यांतून, हजिऱ्याच्या मोठ्या उद्योगांतून, इस्पितळांतून आणि हॉटेलांतून ती लागली.

ती बसविणारे हात कोणाचे होते? सुरतेत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची वस्ती फार मोठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या भागांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने माणूस सरळ उधन्यास येऊन उतरतो. लिंबायत, डिंडोली, उधना येथे मराठी शाळा आहेत, मराठी पाट्या आहेत. येणाऱ्यांपैकी बहुतेक लूमवर अथवा रंगाईच्या कारखान्यात जात. पण ज्यांनी वीजतंत्रीचा अभ्यासक्रम केला होता, अशा काही तरुणांना हा नवा धंदा सापडला. आबा १९८५ साली आले ते असेच. "लूमचा आवाज नको होता," ते म्हणाले, "म्हणून टेलिफोनकडे गेलो. तेथे कान लागत होते."

चहाच्या दुकानातील मंडळी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी आम्हांस बाजारामागील एका चहाच्या दुकानात नेले. तेथे त्यांच्या धंद्यातील चार-पाच मंडळी रोज जमतात. दोघे खानदेशी, एक सुरती, एक मूळचे सौराष्ट्राचे. पेटी उतरवल्याची वार्ता कळताच प्रत्येकाने तिचे वय विचारले, जसे कोणी गेल्यावर विचारावे. मग आठवणींचा झरा सुरू झाला.

पहिली आठवण रंगांची. टेलिफोनच्या केबलीत तारांच्या पंचवीस जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडी तिच्या दोन रंगांवरून ओळखावयाची. पहिल्या पाचांत पांढरा, मग लाल, मग काळा, मग पिवळा, मग जांभळा. आणि त्या प्रत्येकाबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि राखाडी असे क्रमाने पाच सोबती. पाचा-पाचा पंचवीस. हा पाढा त्या मंडळींनी आम्हांस एका सुरात म्हणून दाखविला. सौराष्ट्राचे गृहस्थ म्हणाले की, मुलीच्या लग्नात मांडवाचे पडदे पाहतानाही त्यांच्या मनात आले, ही सतरावी जोडी, पिवळा-नारिंगी!

दुसरी आठवण 'क्रोन'ची. तार सोलावयाची नाही, पिळावयाची नाही. खाचेवर धरून हत्याराने दाबली की 'खट्' असा आवाज येतो, तार आत बसते आणि उरलेले टोक आपोआप कापले जाते. तो 'खट्' नीट आला नाही तर जोडणी कच्ची, हे अंधारातही कळावयाचे. तिसरी आठवण हाताला बसलेल्या झटक्यांची. लाइन शांत असते तेव्हा तिच्यावर एक्स्चेंजच्या बॅटरीचा ४८ व्होल्टचा दाब असतो. त्याचे हाताला काही वाटत नाही. परंतु तारा उघड्या बोटांत धरल्या असताना कोणाचा फोन आला की घंटेचा प्रवाह धावतो, तो ७५ व्होल्टांच्या आसपास. "कित्येकदा गिऱ्हाइकाला घंटा ऐकू येण्याआधी ती आमच्या कोपराला कळे," असे सुरती भाई म्हणाले आणि सगळे हसले.

मृगाचा पहिला पाऊस म्हणजे ह्या मंडळींची परीक्षा. वीज कडाडली की तिचा लोट तारेवाटे पेटीत शिरे आणि कार्डे जळत. म्हणून उन्हाळ्यातच अर्थिंगचा खड्डा तपासावयाचा, त्यात मीठ आणि कोळसा भरावयाचा, पाणी घालावयाचे. हे न करणाऱ्या शेठजींना पहिल्या पावसानंतर कोण आठवे, हे सांगावयास नको. मालकांच्या तऱ्हाही पुष्कळ. कोणाला बाहेरगावचा फोन करू द्यावा, कोणाला केवळ गावातला, आणि कोणाला काहीच नाही, हे सारे यंत्राला आकड्यांनी शिकवावे लागे. एका शेठजींनी आपल्या सख्ख्या भावाच्या एक्स्टेंशनला कुलूप घालावयास सांगितले. आबांनी ते घातले. पंधरा दिवसांनी भाऊ वेगळे निघाले. "घर फुटले ते मला आधी कळले," आबा म्हणाले, "पण बोलावयाचे नाही. ह्या धंद्यात कान उघडे आणि तोंड बंद."

बोलणे हळूहळू गंभीर झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. मोबाइल अजून देशात आलेला नव्हता. खानदेशी मंडळींपैकी एकाने त्या दिवसांत कुटुंबास गावी पाठविले आणि स्वतः एका इस्पितळाच्या एक्स्चेंजपाशी राहिला. बाहेरच्या लाइनींवर फोनांची रीघ लागलेली. एक कार्ड तापून बंद पडे. तो ते काढी, वारा घाली, परत बसवी. "कोणी मला थांब म्हटले नव्हते," तो म्हणाला. "पण फोन लागला नाही म्हणून कोणाला आपल्या माणसाची खबर मिळाली नाही, असे व्हावयास नको होते."

ऑगस्ट २००६ मध्ये ताप्तीचा महापूर आला. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला. तळमजल्यावर लावलेली असंख्य यंत्रे चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर ह्या मंडळींनी कार्डे सुटी करून स्वच्छ पाण्याने धुतली, स्पिरिटने पुसली, गच्चीवर पापडांसारखी उन्हात मांडली. सगळी वाचली नाहीत. पण जी वाचली त्यांतली काही पुढे दहा-दहा वर्षे चालली. ते सांगताना आबांच्या मुखावर जे समाधान दिसले, ते पैशाचे नव्हते. यंत्र उघडता येत होते, दोष डोळ्यांना दिसत होता, आणि हाताने तो दूर होत होता. आजच्या किती यंत्रांविषयी असे म्हणता येईल?

पेटी का गेली?

तिला कोणी मारले, असे विचारले तर एकाच अपराध्याकडे बोट दाखविता येणार नाही. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद कलकत्ता व दिल्ली ह्यांच्या दरम्यान झाला. प्रथम तो श्रीमंतांचा खेळ होता. २००३ साली मोबाइलवर येणारा फोन विनामूल्य झाला, आणि भाजीवालाही तो बाळगू लागला. २०१६ पासून स्वस्त इंटरनेट आले, तेव्हा कापडाचे नमुने, हिऱ्यांचे भाव, हिशेबाची पाने, सारेच हातातल्या पडद्यावर गेले. २००६ च्या सुमारास देशात तारेचे टेलिफोन ४ कोटींच्या आसपास होते. २०२१ पर्यंत ते २ कोटींवर आले. पुढे काचतंतूच्या जोडण्यांमुळे हा आकडा पुन्हा चढू लागला, परंतु त्या तारेत तांबे नाही आणि ती जोडणाऱ्याची हत्यारे निराळी आहेत. जेथे मोठ्या कचेरीला एक्स्चेंज हवेच असते, तेथेही आता ते इंटरनेटवरून, दूरच्या कोठल्या तरी संगणकावर चालते. २०१७ साली तोशिबा कंपनीने अमेरिकेतील आपला कचेरी-टेलिफोनांचा व्यवहार बंद केला. पुढे पॅनासॉनिकनेही खाजगी एक्स्चेंजे बनविण्याचे सोडले. कॅनडातील नॉर्टेल ही तर जगातील एक बलाढ्य कंपनी. तिची 'नॉरस्टार' नावाची यंत्रे तिकडच्या दुकानादुकानांतून होती. ती कंपनी जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिका-कॅनडातही जुनी यंत्रे घरात जपून ठेवणारे आबा पुष्कळ आहेत.

आपल्याकडे ह्या बदलाचा मानवी आकडाही मोठा आहे. ३१ जानेवारी २०२० ह्या एका दिवशी भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. त्यांच्याबरोबर किती हातांतले किती कसब घरी गेले, ह्याचा हिशेब कोठल्याही वहीत मांडलेला नाही.

बेनची खुर्ची

येथवर ऐकून आमचे मन त्या मंडळींच्या बाजूने पुरते वळले होते. जग कृतघ्न आहे, असे काही तरी आम्ही बोललोही. तेव्हा आबांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि एक गोष्ट सांगितली. आमच्या मते ह्या साऱ्या कथेचे मर्म त्याच गोष्टीत आहे.

१९८९ साली त्यांनी एका गिरणीच्या कचेरीत पहिले मोठे ईपीएबीएक्स बसविले. त्यापूर्वी तेथे दोऱ्यांचा बोर्ड होता आणि त्यापुढे एक पारशी बाई वीस-बावीस वर्षे बसत होत्या. सारे त्यांना 'बेन' म्हणत. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा मुलगा परीक्षेस बसला आहे, कोणत्या व्यापाऱ्याचा फोन मालकांना कोणत्या वेळी द्यावा आणि कोणत्या वेळी 'साहेब बाहेर गेले आहेत' म्हणावे, हे सारे त्यांना ठाऊक. नुसत्या 'हॅलो'वरून त्या माणूस ओळखीत.

आबा तेव्हा पंचविशीतले. नव्या यंत्राच्या आनंदात त्यांनी तीन दिवसांत काम उरकले. चौथ्या दिवशी बोर्ड उचलून नेला. बेन आपल्या खुर्चीवर, समोर काहीच नसताना, बसून होत्या. त्यांनी विचारले, "दीकरा, हे तुझे यंत्र आवाज ओळखते का?"

आबा हसून म्हणाले, "आवाजाचे काम काय, बेन? नंबर दाबला की लागतो."

"मी आजच उत्तर दिल्यासारखे ते मला आठवते," आबा आम्हांस म्हणाले. "त्यांना महिन्याभरात घरी बसविले. मला त्या कामाचे बक्षीस म्हणून शेठजींनी शंभराची नोट दिली. ती मी घेतली. आता माझी पेटी उतरवावयाची वेळ आली, आणि उतरवणारा मीच. मग मी कोणावर रागवावे?"

चहाच्या दुकानात काही वेळ कोणी बोलले नाही.

आम्हांसही आमचे बोलणे परत घ्यावेसे वाटले. जुन्या यंत्राची ओढ लागते, तेव्हा मनुष्य आपल्या तारुण्याचा काळ तेवढा आठवतो. त्या काळाने कोणाला खुर्चीवरून उठविले, ते सहसा आठवत नाही. बोर्डाला दूर सारून पेटी आली, पेटीला दूर सारून हातातला पडदा आला, आणि तो पडदाही उद्या कोणी तरी दूर सारील. त्या जुन्या काळात वर्षानुवर्षे लाइनीची वाट पाहणारे होते, रात्र-रात्र ट्रंक कॉलसाठी जागणारे होते, आणि मरणाची वार्ताही उशिरा पोचलेली घरे होती. तो काळ परत यावा असे शहाणा माणूस म्हणणार नाही. आबाही तसे म्हणत नाहीत. त्यांची खंत निराळी आहे. बेनपाशी जे होते ते त्यांनी कधी विचारून घेतले नाही. आणि आबांपाशी जे आहे तेही आज कोणी विचारीत नाही.

वहीचे काय करावे?

आबांपाशी एक वही आहे. लांबट, कापडी बांधणीची, हिशेबाच्या वह्यांसारखी. तीत त्यांनी बसविलेल्या प्रत्येक एक्स्चेंजचा नकाशा आहे: कोणती जोडी कोणत्या मजल्यावर गेली, कोणत्या भिंतीच्या आत तार वळली, कोणत्या यंत्राला कोणता दोष कोणत्या ऋतूत होतो, तो कसा काढावा. आम्ही पाने उलटीत असता त्यांचा फोन वाजला. शहराबाहेरील एका लहान इस्पितळातून विचारणा होती. तेथे अजून जुनेच यंत्र आहे. नवे घेण्याइतके पैसे नाहीत. रात्रपाळीच्या परिचारिकांच्या खोलीतली घंटा लागत नव्हती. नवे तंत्रज्ञ म्हणाले होते, हे आम्हांस ठाऊक नाही, फेकून द्या.

आबा निघाले, आणि त्यांच्या परवानगीने आम्हीही गेलो. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता. तो काचतंतू जोडण्याचे काम करतो. त्याची हत्यारे चकचकीत, पाकिटात ठेवलेली. इस्पितळात आबांनी पेटी उघडली, वहीतले पान काढले, आणि चष्मा शोधू लागले. चष्मा पेढीवर राहिला होता. मग पुतण्याने पान वाचावयास घेतले. "काका, येथे तेरावी जोडी लिहिली आहे. ती कोणती?"

"काळा-हिरवा."

पोराने केबलीतून ती बोटांनी वेगळी काढली. जोडणी हिरवी पडून गंजली होती. आबांनी त्याच्या हाती क्रोनचे हत्यार दिले. पहिल्या वेळी आवाज नीट आला नाही. आबांनी मान हलविली. दुसऱ्या वेळी 'खट्' झाले. वरच्या मजल्यावर घंटा वाजली आणि कोणी तरी बाईने ती उचलून विचारले, "कोण बोलतेय?"

परतताना पुतण्याने वही आपल्या पाठीवरच्या पिशवीत ठेवली. ती घरी नेऊन पानापानाचे फोटो काढून ठेवतो, असे तो म्हणाला. आबा काही बोलले नाहीत, मात्र थोडे अंतर गेल्यावर त्याला हाक मारून म्हणाले, "शेवटची चार पाने कोरी आहेत. त्यांत तुझे काचतंतूचे लिहीत जा."

वाचकहो, आपल्या घरी अथवा शेजारी असा कोणी आबा खचित असेल: गिरणीतला जॉबर, छापखान्यातला खिळे जुळारी, घड्याळे दुरुस्त करणारा, तारमास्तर, बोर्डावर बसलेली एखादी बेन. त्यांचे यंत्र गेले म्हणून शोक करावयाचे कारण नाही. परंतु त्या यंत्राशेजारी बसून ते जे शिकले, म्हणजे धीराने ऐकणे, दोषाच्या मुळाशी जाणे, दुसऱ्याचे गुपित राखणे, कोणी न सांगता जागेवर थांबणे, ते अजून त्यांच्यापाशी आहे, आणि ते केवळ विचारले असता मिळते. ह्या रविवारी त्यांच्यापाशी घटकाभर बसावे. प्रश्न आपण विचारावा. बोलू त्यांना द्यावे.

त्या पेढीवर आम्ही निघण्यापूर्वी पुन्हा एकदा गेलो. भिंतीवर पेटीच्या जागी एक स्वच्छ चौकोन उमटला होता. शेठजी म्हणाले, रंगारी बोलाविला आहे. पण सकाळी सवयीने दोनदा हात तिकडेच गेला.